दारं नसलेल्या गावात घर घेताना

नेवाशाच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून मी आयुष्यभर दस्त लिहीत आलो. सोनई, घोडेगाव, चांदा, कांगोणी, शिंगणापूर, सगळ्या बाजूंची खरेदीखतं, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं हाताखालून गेली. शनिशिंगणापुरात घर किंवा प्लॉट घ्यायचाय म्हणून आता पुण्या-मुंबईचे लोकही विचारायला येतात. त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सांगत असतो, ते इथे सलग मांडतो.

1. चतु:सीमा आधी वाचा, मग किमतीचं बोला.

दस्ताच्या छापील मसुद्यात मिळकतीच्या वर्णनात ‘दारे-खिडक्यांसह’ असं येतंच. एकदा शिंगणापूर गावठाणातल्या दोन खणांच्या घराचं खरेदीखत वाचून दाखवत होतो. विकणाऱ्या आजी डोळे मिटून ऐकत होत्या. ‘दारे’ हा शब्द आला तशा म्हणाल्या, “भाऊसाहेब, थांबा. आमच्या घराला दारं कुठंयत? चौकट हाय नुसती. खोडा ते. देवाच्या गावात लबाडी नको.” मुलगा म्हणाला, “आई, सगळ्याच कागदात असतं ते.” आजींनी हात पुढे केलाच नाही. शेवटी ते पान नव्यानं छापलं: दगडी चौकट, झडप नाही, खिडकी एक. मग अंगठा उठला.

त्या चौकटीला आतून पडदा होता आणि रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून एक फळी आडवी लावायची, एवढाच बंदोबस्त. दागिना-पैसा म्हणे वर्षानुवर्षं उतरंडीत. अशा घराची राखण गावाच्या श्रद्धेनं शनिदेव करतो. त्याची शिळा स्वतः उघड्या चौथऱ्यावर उभी आहे, वर छप्पर नाही. पानसनाल्याच्या पुरात वाहून आलेल्या त्या शिळेची आणि मामा-भाच्यांनीच ती हलवल्याची कथा इथल्या लहान पोरालाही पाठ असते. माझीही श्रद्धा आहे. पण दस्त लिहिताना मला दिसतं की देवाच्या वतीनं राखण करणारी माणसं चतु:सीमेत नावानिशी असतात: पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. समोरच्या ओट्यावर निजणारा म्हातारा, पहाटे धार काढायला उठणारी शेजारीण, गल्लीत अनोळखी पाऊल वाजलं की “कोण पाहिजे?” विचारणारं पोर. घर घेताना ही चार नावं कोणाची आहेत आणि ती माणसं तिथे खरोखर राहतात का, हे आधी पाहा.

2. गाव दोनदा पाहा.

एकदा शनिअमावस्येला जा. घोडेगावच्या फाट्यापासून गाड्यांची रांग, तेलाचे डबे, रुईच्या माळा, पार्किंगच्या शिट्ट्या, आणि गाडीला लटकून आपल्याच दुकानात नेऊ पाहणारे लटकू. दुसऱ्यांदा आठवड्यातल्या साध्या दिवशी, रात्री नऊनंतर जा. दुकानं मिटल्यावर कोणत्या गल्लीत दिवे राहतात, ते मोजा. ज्या गल्लीत रात्री वस्ती आहे, तिथे बिनदाराचं घर चालतं. नुसते गाळे आणि गोदामं आहेत, तिथे चालत नाही.

3. रस्त्यालगतचा प्लॉट आणि गावठाणातलं घर यांची तुलना करू नका.

मुळा धरणाचा उजवा कालवा आला, सोनईला साखर कारखाना उभा राहिला, आणि या पट्ट्यात उसाचा पैसा आला. त्यावर देवस्थानचा पैसा आला. गुलशन कुमारांच्या कॅसेटी आणि शनिदेवावरचा चित्रपट देशभर पोचल्यावर गर्दी वाढतच गेली. नगर–संभाजीनगर महामार्गापासून गावापर्यंतच्या रस्त्याला आज दुकानं, लॉज, भक्तनिवास आणि वाहनतळ आहेत. तिथे गुंठ्याचा भाव ठरतो तो धंद्यावर. गावठाणातल्या घराचा भाव नात्यावर, अडचणीवर आणि घेणारा कोण आहे यावर ठरतो. भावकीत विकायचं असेल तर किंमत उतरते, बाहेरच्याला चढते, आणि यात मला काही वावगं वाटत नाही.

4. नोटरीच्या कागदाला खरेदी समजू नका.

पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून “गुंठा तुमचा झाला” म्हणणारे भेटतील. शंभर रुपयांवरच्या स्थावराची खरेदी नोंदणीकृत खरेदीखताशिवाय होत नाही. सातबाऱ्यावरच्या जमिनीतला गुंठा-दोन गुंठे असेल तर 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. त्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, पण तुमच्या तुकड्याला त्या लागू आहेत का हे लेखी घ्या. शेतकरी नसाल तर शेतजमीन घेता येत नाही, बिनशेतीचा आदेश पाहा. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरपट्टीच्या पावत्या आणि मोजणीचा नकाशा. तीस वर्षांचा सर्च वकिलाकडून करून घ्या.

5. बहिणींना बोलवा.

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारा बदल महाराष्ट्रानं 1994 मध्ये केला, केंद्रानं 2005 मध्ये, आणि केंद्राचा बदल लागू झाला तेव्हा वडील हयात नसले तरी हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरीही भाऊ येतात आणि म्हणतात, “बहिणींचं काही नाही, त्या सुखात आहेत.” त्या सुखात असतील, सही त्यांचीच लागते. मी टेबलावर बसवून बहिणीला स्वतः विचारतो, “ताई, काय लिहून देताय ते कळलं ना?” हक्क सोडायचा तर समजून सोडावा, आणि वाटा मागितला म्हणून तिचं माहेर तुटू नये. ज्या घराच्या दस्तात बहीण रडत सही करते, ते घर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

6. उघड्या घरांच्या गावातही बंद जागा होती, हे विसरू नका.

चौथऱ्यावर बायकांना जायची परवानगी नव्हती. 2015 च्या नोव्हेंबरात एक तरुणी वर गेली, त्यावर शुद्धीकरण झालं, तृप्ती देसाईंच्या भूमाता ब्रिगेडनं आंदोलन केलं, उच्च न्यायालयानं बायकांचा मंदिरप्रवेशाचा हक्क मान्य केला, आणि 8 एप्रिल 2016 रोजी, गुढीपाडव्याला, देवस्थाननं चौथरा सगळ्यांना खुला केला. त्या दिवसांत गावात कडवटपणा होता. एकाच घरात सासू एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला, असंही पाहिलं. मला तो निर्णय योग्य वाटला आणि आजही वाटतो. नवीन राहायला येणाऱ्यानं गावाचं कौतुक करताना हेही ठाऊक असू द्यावं. गावात राहायचं म्हणजे त्याच्या वादातही राहायचं.

7. चोरी होतच नाही असं गृहीत धरू नका, आणि गावावर हसूही नका.

2010 मध्ये बाहेरून आलेल्या एका भाविकाच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार झाली, नंतरही काही झाल्या. जानेवारी 2011 मध्ये युको बँकेनं इथे कुलूप नसलेली शाखा उघडली. तिला काचेचं दार आणि सहज न दिसणारी विद्युतचुंबकी कडी होती. सप्टेंबर 2015 मध्ये पोलीस ठाणं आलं. बाहेरचे लोक हे सांगून म्हणतात, “बघा, मोडलीच ना श्रद्धा!” मला तसं दिसत नाही. लाखोंनी माणसं येतात त्या गावात पोलीस ठाणं हवंच. आणि त्याच गावात अजून कितीतरी घरांच्या चौकटी रिकाम्या आहेत, लोक लग्नाला परगावी जाताना शेजाऱ्याला फक्त सांगून जातात. काही नव्या घरांना सरकती फळी किंवा दार दिसू लागलंय. नीट पाहिलं तर बहुधा तिथे शेजार तुटलेला असतो: एका बाजूला भाड्याच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला मालक पुण्यात.

8. दार लावू का, हे गल्लीला विचारा.

बाहेरून आलेल्या घेणाऱ्याचा हा प्रश्न ठरलेला. कायद्यानं अडवणारं काही माझ्या पाहण्यात नाही. पण खरेदीखतावर दोन साक्षीदार लागतात, ते शेजारचेच घ्या आणि त्यांनाच विचारा. एका शिक्षक जोडप्यानं असं विचारलं, तेव्हा समोरच्या काकू म्हणाल्या, “बाई, तू शाळंत गेल्यावर तुझं दूध कोण घेईल आत? दार लावलंस तर मी कुठून जाऊ?” त्यांनी पडदा लावला.

9. राहणार नसाल तर इथे घेऊ नका.

गुंतवणूक म्हणून गावठाणातलं घर घेऊन रिकामं ठेवणारे वाढलेत, आणि याची मला मनापासून काळजी वाटते. रिकामं घर म्हणजे गल्लीतला एक दिवा कमी, रात्री विचारणारं एक माणूस कमी, आणि शेजारच्या चौकटीला दार लागायचं कारण एकानं जास्त. म्हणून टेबलासमोर गिऱ्हाईक बसलं की आता मी पहिल्यांदा विचारतो, राहायला कोण येणार? आईवडील येणार असतील, तर कागद काढतो. कोणीच येणार नसेल, तर सोनई किंवा घोडेगावचे बिनशेती प्लॉट दाखवून देतो, रस्ता चांगला आहे, भावही वाढतोय, आणि तिथल्या घरांना दारं असतात.