उकळलेले म्हणजे निर्जंतुक नव्हे

जखमेला टाके घालायचे असोत की दात काढायचा असो, काही लहान दवाखान्यांत अजूनही उकळत्या पाण्याच्या डब्यातून चिमटा-कात्री निघते. वाफा पाहून आपल्याला धीर येतो. पण उघड्या भांड्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही, आणि धनुर्वाताच्या जंतूंची बीजे ही उकळी सोसू शकतात. बीज म्हणजे जंतूचे टणक कवचातले, निजलेले रूप. खोल जखमेत शिरले की ते जागे होते.

त्यांना मारायला दाबाखालची वाफ लागते. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलां यांनी १८७९ साली त्यासाठी ऑटोक्लेव्ह बनवला. तत्त्व आपल्या कुकरचेच. १५ पौंड दाबाला वाफ १२१ अंशांवर जाते. उघड्या अवजारांना ती किमान १५ मिनिटे द्यावी लागते, कापडात बांधलेल्यांना साधारण ३०, आणि वेळ मोजायची ती तापमान गाठल्यावर.

कुकरमधून वाफेची धार आल्यावरच आपण शिटी लावतो, कारण आतली हवा आधी निघायला हवी. ऑटोक्लेव्हमध्ये हवा अडकली तर काटा पुरता दाब दाखवतो, पण आत तापमान तेवढे चढत नाही. खरी फसगत इथे होते. गाठोडी दाबून भरली तरी वाफ मधोमध पोचत नाही. सुकलेले रक्त न धुताच अवजार आत ठेवले, तर त्या रक्ताच्या थराखाली जंतू तगतात.

मग आपण काय पाहावे? अवजारांची पुडी आपल्यासमोर फोडायला सांगावी. तिच्यावरच्या चिकटपट्टीवर गडद रेघा उमटलेल्या हव्यात. रेघा नसतील तर पुडी वाफेत गेलीच नाही. मात्र रेघा दिसल्या म्हणजे आतपर्यंत वाफ पोचली असे नाही. त्यासाठी पुडीच्या आतही दर्शक पट्टी ठेवतात. पुडी ओली किंवा फाटकी असेल तर बदलून मागावी, ओल्या कापडातून जंतू आत जातात.

डॉक्टर रागावतील म्हणून आयाबाया गप्प बसतात. आम्ही म्हणतो, "डॉक्टरसाहेब, अवजारे ऑटोक्लेव्ह केलीत ना?" एवढे विचारण्यात कुणाचा अपमान नाही. आणि एकदाच वापरायच्या सुईला ऑटोक्लेव्हचा उपाय लागू नाही. ती नवीच हवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेली.