ट्रॅक्टरची बॅटरी : चार्जिंग आणि निगा



गळीत हंगाम सुरू झाला की फडापासून गाडीतळापर्यंत ट्रॅक्टरला उसंत नसते. अशा वेळी सकाळी स्टार्टर मारला आणि इंजिन फिरलेच नाही, तर तोडलेला ऊस वाळतो, वजनात घट येते आणि टोळीचा खाडा होतो. आम्ही गटागटांतून फिरतो तेव्हा दिसते की, डिझेल-ऑईलकडे सर्वांचे लक्ष असते. बॅटरीकडे मात्र ती बसल्यावरच बघितले जाते. मग घाईघाईत चार्जिंग होते आणि खरा धोका तिथेच असतो.

धोका कशाचा?

१२ व्होल्टच्या बॅटरीत ६ सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या प्लेटा व पाणी मिसळलेले गंधकाचे ॲसिड असते. चार्जिंग पुरी होत आली की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो ४ टक्के झाला तरी एका ठिणगीने भडका उडतो. बॅटरीची पेटी फुटते आणि ॲसिड तोंडावर येते. बॅटरी नवी घेता येते, डोळा नाही!

म्हणून मोटारीच्या बंद खोलीत किंवा गोठ्यात कडब्याशेजारी चार्जिंग करू नये. जवळ बिडी ओढू नये. अंधारात पाण्याची पातळी पाहायला काडी तर मुळीच पेटवू नये, टॉर्च वापरावा.

चार्जिंगची रीत

१) बॅटरी काढताना निगेटिव्ह वायर आधी सोडावी, बसवताना ती शेवटी जोडावी. उलट केले आणि पाना ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकला, तर ठिणगी पडते.

२) बुचांची भोके साफ ठेवावीत. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतपतच पाणी घालावे. बाकीची पातळी चार्जिंगनंतर पुरी करावी.

३) चार्जर बंद असतानाच चिमटे लावावेत व काढावेत. लाल चिमटा पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला.

४) करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवावा. ८० अँपिअर-तासाच्या बॅटरीला ८ अँपिअर पुरे. लवकर व्हावे म्हणून करंट वाढवला की प्लेटा तापून खराब होतात. पेटी हाताला फार गरम लागली तर चार्जर बंद करावा.

५) हायड्रोमीटरवर सर्व सेल साधारण १.२५० ते १.२८० दाखवू लागले की चार्जिंग पुरी झाली. एकच सेल बराच मागे राहत असेल तर तो सेल गेला असे समजावे.

सीलबंद बॅटरी उघडू नये. तिला कंपनीने सांगितलेलाच चार्जर लावावा.

नेहमीची निगा

पंधरवड्यातून एकदा पातळी पाहावी. प्लेटांच्या वर साधारण १० ते १५ मिलिमीटर पाणी असावे. घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटांना मारक ठरतात. आटते ते पाणी, ॲसिड नव्हे. तेव्हा वरून ॲसिड ओतू नये. टर्मिनलवर कीट आली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. मग कोरडे करून, वायर घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी व महिन्यातून एकदा चार्जिंग करावी. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर घट्ट पांढरा थर धरतो. मग ती कितीही चार्ज केली तरी टिकत नाही. पुष्कळ बॅटऱ्या कामाने नव्हे, अशा बसून राहण्याने मरतात.

ॲसिड उडाले तर

डोळा ताबडतोब स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरून निदान १५ मिनिटे धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे. दूध, तूप, सोडा यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. चार्जिंगच्या जागी पाण्याची बादली आधीच भरून ठेवावी, डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे असावेत. जुनी बॅटरी घरी फोडू नये, शिसे विषारी आहे. ती दुकानदारालाच परत द्यावी.

बॅटरीपाशी बहुधा मालक नसतो, ड्रायव्हर असतो. तेव्हा हे पान त्यालाही अवश्य वाचून दाखवावे.

— ऊस विकास अधिकारी