जिमी लिटल : मृदू स्वराचा गायक

जिमी लिटल यांचा जन्म १ मार्च १९३७ रोजी ऑस्ट्रेलियात, मरे नदीकाठच्या कमेरागंजा या आदिवासी वसाहतीत झाला. वडील फिरत्या रंगमंचावरील कलावंत, आई गायिका. जिमी दोन वर्षांचे नाहीत तोच, व्यवस्थापनाच्या जाचाला विटून सुमारे दोनशे रहिवासी नदी ओलांडून वसाहतीबाहेर पडले. आदिवासींच्या हक्कलढ्यातील हा एक मोठा प्रसंग होय.

१९५५ मध्ये लिटल सिडनीला आले. १९६० मध्ये ‘शॅडो ऑफ द बूमरँग’ या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. १९६३ मधील ‘रॉयल टेलिफोन’ या ख्रिस्ती भक्तिगीताने त्यांचे नाव देशभर झाले. जनगणनेतून आदिवासींना वगळणारे कलम तेव्हा राज्यघटनेत कायम होते. ते १९६७ च्या सार्वमताने गेले. अशा काळात लिटल यांनी कधी आवाज चढविला नाही. काहींना हा सौम्यपणा बोटचेपेपणा वाटला. परंतु गोऱ्यांच्या घराघरांत एका आदिवासीचा स्वर प्रेमाने ऐकला जाणे, हेही लहानसहान काम नव्हते. पुढे ट्रेसी मॉफट या आदिवासी दिग्दर्शिकेने ‘नाइट क्राइज’ या लघुपटात गोरी वृद्ध माता आणि तिची आदिवासी दत्तक कन्या यांच्या कोंडलेल्या नात्याशेजारी हेच गीत गाणारे लिटल उभे केले, तेव्हा त्या गोडव्यातली वेदनाही जाणवू लागली.

१९९९ च्या ‘मेसेंजर’ने त्यांना नवे श्रोते मिळवून दिले. मूत्रपिंडे निकामी झाल्याने २००४ मध्ये प्रत्यारोपण करावे लागले. हा विकार आदिवासींत फार आढळतो. म्हणून २००६ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने आरोग्य-प्रतिष्ठान स्थापिले. २ एप्रिल २०१२ रोजी डबो येथे त्यांचे निधन झाले.