नैसर्गिक वाइनसाठी द्राक्षबागेची निगा

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी व निफाड तालुक्यांत खाण्याच्या द्राक्षांबरोबरच वाइनच्या जातींचीही लागवड होते. प्रचलित रीतीने वाइन करताना रसात तयार यीस्ट घालतात. रसात काही उणीव राहिल्यास आम्ल किंवा सल्फर डायऑक्साइड घालून ती भरून काढता येते. नैसर्गिक रीतीत मात्र सालीवर आपोआप आलेल्या यीस्टवरच सारी भिस्त असते. म्हणून बागेत झालेली चूक पुढे टाकीत दुरुस्त होत नाही, हा या पद्धतीचा मुख्य नियम होय.

जमीन. ओळींमध्ये ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यावर येताच जमिनीत गाडावा. चांगले कुजलेले शेणखत बेताने द्यावे. नत्र अधिक झाल्यास पाने दाटतात व रोग बळावतात.

छाटणी. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतात. पाऊस ओसरल्यावरच ती केल्यास केवड्याचा धोका पुष्कळ कमी होतो. घडांभोवतालची पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने विरळ करावी. दुपारच्या बाजूची पाने राखावी, अन्यथा मणी उन्हाने करपतात.

रोगांचा बंदोबस्त. केवड्यावर बोर्डो मिश्रण व भुरीवर गंधक सेंद्रिय पद्धतीतही चालते. परंतु त्यांस मर्यादा आहे. १ टक्का तीव्रतेच्या १०० लिटर मिश्रणात १ किलो मोरचूद, म्हणजे सुमारे २५० ग्रॅम तांबे असते. हेक्टरी ५०० लिटर फवारल्यास एका वेळी सव्वा किलो तांबे बागेत पडते. ते जमिनीत साठत जाते. युरोपीय संघाने २०१९ पासून ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाकाठी सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे. या हिशेबाने अशा तीन फवारण्यांतच वर्षाचा वाटा जवळजवळ संपतो. गंधकाची फवारणी तोडणीपूर्वी निदान ५ आठवडे थांबवावी. त्याचा अंश रसात गेल्यास किण्वनाच्या वेळी कुजक्या अंड्यासारखा वास येतो.

तोडणी. रसातील साखर २२ ते २४ ब्रिक्स झाल्यावर पहाटेच्या गारव्यात घड काढावे. फुटका, सडका वा बुरशी आलेला प्रत्येक मणी वेगळा करावा. उथळ क्रेट वापरावे, म्हणजे फळ चेंगरत नाही.

किण्वन. तोडणीपूर्वी ४-५ दिवस थोडी निरोगी द्राक्षे चेचून वेगळी आंबवावी. वास स्वच्छ आल्यास दुधाला विरजण लावावे त्याप्रमाणे हा रस मोठ्या टाकीत घालावा. व्हिनेगरचा वास आल्यास टाकून द्यावा. लाल वाइनमध्ये साली वर तरंगतात. त्या दिवसातून २-३ वेळा खाली दाबाव्या. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे. ३५ अंशांच्या वर यीस्ट मरू लागते व साखर तशीच राहते. किण्वन संपल्यावर भांडी काठोकाठ भरून बंद ठेवावी. हवा लागल्यास वाइनचे व्हिनेगर होते.

सावधगिरी. एक लिटर रसातून सुमारे ५० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी व बंद खोलीत साचतो. अशा टाकीत उतरणारा मनुष्य काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्यास काढण्यासाठी घाईने उतरणाराही दगावतो. पुरेशी हवा खेळवून, तपासणी केल्याविना टाकीत कोणीही उतरू नये.

परवाना. महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावाचून वाइन करणे हा दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे. प्रमाण अल्प असले तरी सूट नाही. म्हणून परवाना नसलेल्या शेतकऱ्याने द्राक्षे पिकवून परवानाधारक वाइनरीस द्यावी. सेंद्रिय प्रमाणपत्रापूर्वी बहुवार्षिक पिकास ३ वर्षांचा परिवर्तनकाल लागतो. तोवर उत्पादन घटण्याचा संभव असतो व सेंद्रिय मालाचा भावही मिळत नाही. याकरिता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास प्रथम बागेचा एक लहान भागच या पद्धतीखाली आणण्याचा सल्ला द्यावा. जात, साखरेचे प्रमाण, तोडणीची वेळ व दर यांविषयीचा करार फळछाटणीपूर्वीच लेखी करून घ्यावा.