उसन्या उजेडाचा खेळ



गेल्या महिन्यात आमच्या घरी एक नवी वस्तू आली. नवी एवढ्याचसाठी, की ती आम्ही नव्याने विकत घेतली. एरवी तिचे वय पस्तिशीच्या पुढे आहे. ही वस्तू म्हणजे जपानच्या निंटेंडो कंपनीचा ‘गेम बॉय’, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. २१ एप्रिल १९८९ रोजी तो जपानमध्ये पहिल्यांदा विक्रीस आला. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत होते. पुढे दोन-तीन वर्षांनी आमच्या वाड्यातल्या एका मैत्रिणीला तिच्या मामांनी परदेशातून तो आणून दिला आणि अख्खी मे महिन्याची सुट्टी आम्ही सात-आठ जणी तिच्याभोवती कोंडाळे करून बसलो. माझी पाळी एकदाच आली, तीही पाच मिनिटांपुरती! ओसाकात नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी यंदा सुट्टीवर यायचा होता. त्याला मी पैसे पाठवले आणि त्याने तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक गेम बॉय व सोबत ‘टेट्रिस’ या खेळाची डबी घेऊन आणली.

तो हाती आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. माझी मुलगी नववीत आहे. ‘व्हिडिओ गेम येणार’ एवढेच तिला ठाऊक होते. करड्या रंगाचा, जाडजूड, वीटकराच्या तुकड्यासारखा तो ठोकळा पाहून तिचा चेहरा जरा उतरलाच. आम्ही चार पेन्सिल सेल घातले, डबी खाचेत बसवली, वरची कळ सरकवली. लाल ठिपका पेटला, ‘टिंग’ असा गोड आवाजही आला. पण पडदा? आमच्या बाहेरच्या खोलीतल्या मिणमिणत्या दिव्यात तो शेवाळलेल्या डबक्यासारखा दिसत होता. आत काही हलते आहे इतकेच कळे.

“आई, फसवलं गं तुला. याचा दिवा गेलाय,” ती म्हणाली.

खरे सांगायचे तर क्षणभर मलाही तसेच वाटले. मग आठवले, की याचा दिवा जाणे शक्यच नाही. याला दिवा मुळी नव्हताच!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो गॅलरीत उन्हात नेला. पडद्याखालच्या बाजूला, डाव्या कडेला एक छोटे चाक असते, ते थोडे फिरवले आणि हिरवट-पिवळ्या जमिनीवर काळे-करडे ठोकळे इतके रेखीव उमटले, की मुलीने “अगं बाई!” म्हणून तो माझ्या हातून काढूनच घेतला. गंमत म्हणजे त्याच उन्हात मी माझा मोबाइल उघडला, तर त्यावर माझ्याच चेहऱ्याखेरीज काही दिसेना. रात्री मोबाइल जिंकतो, दुपारी गेम बॉय जिंकतो. असे का व्हावे?

हे समजण्यासाठी आधी पडद्याच्या आत शिरू. द्रवस्फटिक हा पदार्थांचा एक विलक्षण प्रकार आहे. तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकातल्यासारखी शिस्त पाळतात. फ्रीडरिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ मध्ये तो गाजरातून मिळणाऱ्या एका पदार्थावर काम करताना सापडला. पुढे कित्येक वर्षे तो प्रयोगशाळेतले एक कुतूहल म्हणूनच राहिला. पडद्यासाठी वापरतात त्या द्रवस्फटिकाचे रेणू लांबट, काडीसारखे असतात. दोन काचांच्या मधल्या अगदी पातळ फटीत तो भरतात. वरच्या काचेपाशी काड्या पूर्व-पश्चिम झोपवल्या आणि खालच्या काचेपाशी दक्षिण-उत्तर, तर मधले थर जिन्याच्या पायऱ्यांसारखे हळूहळू वळत जातात.

प्रकाश हा अवतरंग आहे, हे तुम्ही शिकला असाल. साध्या प्रकाशात कंपने सर्व दिशांना होतात. ध्रुवक नावाच्या पट्टीतून तो गेला, की एकाच दिशेची कंपने उरतात. वरच्या काचेवर एक ध्रुवक आणि खालच्या काचेखाली त्याच्याशी काटकोनात दुसरा ध्रुवक लावला, तर खरे म्हणजे प्रकाश पार जायलाच नको. पण मधला रेणूंचा जिना प्रकाशाची कंपनदिशा आपल्याबरोबर वळवत नेतो, त्यामुळे तो दुसऱ्या ध्रुवकातूनही सुखरूप निसटतो. आता दोन्ही काचांवरच्या पारदर्शक वाहक थरांना थोडा विद्युतदाब द्या. काड्या उभ्या राहतात, जिना मोडतो, कंपनदिशा वळत नाही आणि दुसरा ध्रुवक प्रकाश अडवतो. तेवढी जागा काळी दिसते. दाब कमी-अधिक केला तर अर्धवट करडी. (गेम बॉयच्या पडद्यात ही वळणे काटकोनापेक्षा जास्त असतात. तो हिरवट-पिवळा रंग त्या जादा पिळाचाच परिणाम. पण तत्त्व हेच.) आम्ही फिरवलेले ते चाक हा दाबच बदलत होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाही. तो खिडकीच्या झडपेसारखा आहे, उघडतो किंवा मिटतो. मग प्रकाश येतो कुठून? मोबाइलमध्ये तो यंत्राच्या आतून येतो. गेम बॉयमध्ये दुसऱ्या ध्रुवकाच्या मागे परावर्तक थर आहे. खोलीतला किंवा आकाशातला प्रकाश समोरून आत शिरतो, त्या थरावर आपटून त्याच वाटेने परततो. गेम बॉय उजेड उसना घेतो आणि त्यावर चित्र उठवून परत करतो.

आता उन्हाचे कोडे. समजा, पडद्याच्या उजळ भागावरून पडलेल्या प्रकाशापैकी ३० टक्के परततो आणि काळ्या भागावरून ६ टक्के. (हे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.) दोहोंचे गुणोत्तर ५. ऊन दहापट प्रखर झाले तर दोन्ही दहापट वाढतील, गुणोत्तर मात्र ५ च राहील. छापील कागदाचेही असेच असते, म्हणूनच उन्हात पुस्तक वाचता येते. याउलट मोबाइलचा उजळ भाग स्वतःचा १०० एकक प्रकाश देतो आणि काळा भाग १ एकक, असे धरू. अंधारात गुणोत्तर १००, फारच सुरेख! पण उन्हात आणलात की काचेवरून परावर्तित होणारे, समजा, २०० एकक दोन्ही भागांत सारखेच मिसळतात. आता उजळ भाग ३०० आणि काळा २०१. गुणोत्तर दीडच्या जवळ आले. डोळा भेद ओळखतो तो गुणोत्तराने, म्हणून चित्र पुसले जाते.

पण मग कंपनीने दिवा का बसवला नाही? १९८९ मध्ये दिवा बसवता येत नव्हता असे मुळीच नाही. त्याच वर्षी ॲटारी कंपनीचा ‘लिंक्स’ आला आणि १९९० मध्ये सेगाचा ‘गेम गिअर’. दोघांचेही पडदे रंगीत, आतून उजळणारे. दोघांनाही सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपून जात.

गेम बॉयचा हिशेब करू. चार सेल एकसरीत, म्हणून ६ व्होल्ट. यंत्राची शक्ती ०.७ वॅट. अल्कलाइन पेन्सिल सेलची धारिता सुमारे २ ॲम्पिअर-तास धरली, तर ऊर्जा ६ × २ = १२ वॅट-तास. १२ ला ०.७ ने भागा. सुमारे १७ तास! सहा सेलांची ऊर्जा याच्या दीडपट, तरी खेळायला वेळ मिळे चौथ्या हिश्शाच्या आसपास. आता कोणी चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, “बाई, त्या यंत्रांत रंगही होते, संगणकाचा भागही निराळा होता. सगळा दोष दिव्याला का देता?” शंका रास्त आहे. अशी तुलना करायची तर यंत्र तेच हवे आणि बदल फक्त दिव्याचा हवा.

सुदैवाने तसे उदाहरण आहे. याच घराण्यातल्या २००३ च्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स एसपी’ या यंत्राला समोरून उजेड टाकणारा दिवा होता आणि तो बंदही करता येत असे. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे एकदा भारित केलेली बॅटरी दिवा बंद ठेवल्यास १८ तास आणि चालू ठेवल्यास १० तास पुरे. बॅटरीतली ऊर्जा दोन्ही वेळा तीच. म्हणजे शक्तीचे गुणोत्तर १८ : १०. संगणक, आवाज, पडदा या सर्वांना मिळून १० भाग लागत असतील, तर एकट्या दिव्याला ८ भाग! शिवाय त्यातला पुष्कळसा प्रकाश तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. साध्या प्रकाशातला निम्मा तर पहिल्याच ध्रुवकात गडप होतो.

द्रवस्फटिकाची झडप मात्र फारच काटकसरी. तो पदार्थ जवळजवळ विसंवाहकच आहे. त्यातून धारा वाहावी लागत नाही, नुसते विद्युतक्षेत्र पुरते. शार्प कंपनीने १९७३ मध्येच असा पडदा खिशात मावणाऱ्या गणकयंत्राला लावला होता. गेम बॉयमागचे अभियंते गुन्पेई योकोई (१९४१–१९९७) यांचे धोरणच असे होते, की नव्याकोऱ्या, महागड्या तंत्राच्या मागे धावायचे नाही. जे तंत्र जुने होऊन स्वस्त झाले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक झाले आहेत, त्याचा कोणी न योजलेला उपयोग शोधायचा. त्यांच्या कंपनीत दिव्याच्या, रंगाच्या बाजूने बोलणारे नसतील असे नाही, पण शेवटी बिनदिव्याचा, चार छटांचा पडदाच ठरला. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटींहून अधिक विकले गेले. तरीही, माझे मत विचाराल तर, रात्री पांघरुणात खेळू पाहणाऱ्या पोरांवर तो अन्यायच होता.

आता आमच्या यंत्रातला खोटेपणा सांगते. उन्हात नीट पाहिल्यावर दिसले, की पडद्यावर दोन उभ्या रेघा कायमच्या कोऱ्या आहेत. मुलगी म्हणाली, “ठिपके बिघडायचे तर कुठेही बिघडतील. सगळे एकाखाली एक कसे?” प्रश्न फार चांगला होता. पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके आहेत, एकूण २३,०४०. प्रत्येकाला स्वतंत्र तार द्यायची म्हटले तर तेवढ्या तारा हव्यात. म्हणून एका काचेवर १६० उभ्या वाहक पट्ट्या आणि दुसरीवर १४४ आडव्या पट्ट्या आखतात. जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे ठिपका. म्हणजे ३०४ जोडण्यांत काम भागते. आडव्या ओळी एकामागून एक जाग्या करायच्या आणि प्रत्येक ओळीच्या वेळी उभ्या पट्ट्यांना योग्य तो दाब द्यायचा. सबंध चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा असे भरले जाते. उभ्या पट्टीची एक जोडणी सुटली, की त्या पट्टीवरचे १४४ ठिपके एकदम मुके होतात. आमच्या रेघांचे कारण हेच.

या काटकसरीची किंमतही आहे. ओळ जागी असते ती क्षणभरच. बाकीचा काळ ठिपक्याने चित्र टिकवून धरायचे, तर रेणू मुद्दाम सुस्त असावे लागतात. सुस्त रेणू लवकर आडवेही होत नाहीत. त्यामुळे वेगाने सरकणाऱ्या चित्रामागे धुराच्या शेपटीसारखी छाया राहते. टेट्रिसमध्ये ठोकळे थांबत थांबत, पायरी पायरीने उतरतात, म्हणून ती खुपत नाही. या पडद्याला हा खेळ किती शोभतो हे मला लहानपणच्या त्या पाच मिनिटांत कुठून कळणार!

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांनी यंत्र उघडून, पट्ट्या जिथे काचेला चिकटवलेल्या असतात तिथे डाखणीची गरम सळई अलगद फिरवली. (हे घरी करू नका. काच तडकते.) एक रेघ परत आली, दुसरी नाही आली. ती गुण दाखवतात त्या भागातून जाते, खेळाच्या विहिरीला तिचा उपद्रव नाही. माझा भाचा म्हणतो, “मावशी, आता याला दिव्याचा नवा पडदा मिळतो, तो बसवून टाक.” मुलीने साफ नकार दिला. तिने गॅलरीत खुर्चीची जागा ठरवून टाकली आहे. साडेपाचनंतर ऊन कलते तशी खुर्चीही सरकते.

तुमच्याजवळ गेम बॉय नसेल, पण जुने बिघडलेले गणकयंत्र बहुतेक घरांत सापडते. त्याचा पडदा काढा. सेलवर अंक उमटत असतील तर उत्तमच. काचेवरची वरची ध्रुवक पट्टी कडेपासून नखाने हळूच सोडवा. पट्टीशिवाय पडद्याकडे पाहा, अंक नाहीसे झालेले दिसतील. आता पट्टी हातात धरून पडद्यावर ठेवा आणि सावकाश फिरवा. एका स्थितीत काळे अंक पूर्ववत दिसतील. तिथून बरोबर ९० अंश फिरवलीत, तर जमीन काळी आणि अंक उजळ! असे का व्हावे, हे रेणूंच्या जिन्याची आकृती काढून वर्गात सांगून पाहा.