डायरी फोनमध्येच राहील, असं ठरलं होतं

प्रस्तुत लेखिकेला मनःस्थितीच्या रोजच्या नोंदीसाठी एक मराठी अ‍ॅप करून घ्यायचं होतं. एजन्सीबरोबरच्या पहिल्याच बैठकीत तिने बजावलं होतं, की नोंद फोनच्या बाहेर जाता कामा नये. तेच तिने ई-मेलनेही कळवलं. ‘नोटेड, मॅडम’ असं उत्तर आलं. ते उत्तर तिने अजून जपून ठेवलंय.

डिझाइनवर तिने जीव ओतला होता. डेलिओसारख्या अ‍ॅप्समुळे हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या पाच चेहऱ्यांची पद्धत रुळली आहे. ती सोपी खरी, पण वैताग आणि उदासी दोन्ही एकाच वाकड्या तोंडाखाली जातात. जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये भावना दोन अक्षांवर मांडल्या होत्या: सुखद की असुखद, आणि अंगात चेतना किती. त्या आधारे लेखिकेने दोनदा बोट टेकवून होणारी नोंद आखली. एजन्सीचा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, ‘क्यूट आहे.’

अ‍ॅप तयार झालं म्हणून तिने ते एका ओळखीच्या प्रोग्रामरला तपासायला दिलं. त्याने फोनवरून बाहेर जाणारी माहिती लॅपटॉपवर दिसेल अशी जोडणी केली आणि ‘वैताग’वर बोट टेकवलं. लॅपटॉपवर लगेच एक ओळ उमटली. सर्व्हर एका जाहिरात कंपनीचा, इव्हेंटचं नाव ‘मूड सिलेक्टेड’, पुढे ‘वैताग’ आणि शेवटी फोनचा अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी. त्याने ‘उदास’ निवडलं. आणखी एक ओळ. तो काहीच बोलला नाही, नुसता लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

प्रोजेक्ट मॅनेजरचं पहिलं उत्तर: ‘असे ट्रॅकर सगळेच टाकतात, मॅडम. नाहीतर युजर टिकतोय की नाही ते कळणार कसं?’ दुसरं: ‘नाव कुठे जातंय? डेटा अ‍ॅनॉनिमस आहे.’ तिसरं आलंच नाही, कारण त्यानंतर ते साहेब कायम मीटिंगमध्ये असत. वर कहर म्हणजे, प्ले स्टोअरसाठी त्यांनी भरून ठेवलेल्या ‘डेटा सेफ्टी’च्या मसुद्यात माहिती कोणालाही दिली जात नाही, असं लिहिलेलं होतं. हा फॉर्म २०२२ पासून सक्तीचा आहे, पण तो भरतो अ‍ॅपवालाच. स्टोअरच्या पानावर दिसणारं ते आश्वासन म्हणजे त्याचं स्वतःचंच निवेदन असतं.

लेखिका राईचा पर्वत करतेय, असं एजन्सीला वाटलं. पण फ्लो या मासिक पाळीच्या अ‍ॅपचं प्रकरण नेमकं याच वाटेने गेलं होतं. गरोदरपणाच्या नोंदी इव्हेंटच्या रूपाने फेसबुकसारख्या कंपन्यांकडे जात होत्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये फ्लोला तडजोड करायला लावली. २०२३ मध्ये बेटरहेल्प या समुपदेशन सेवेला अशाच कारणासाठी ७८ लाख डॉलर मोजावे लागले. फिनलंडमध्ये तर वास्तामो या मानसोपचार संस्थेच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये एकेका रुग्णाला खंडणीचे ई-मेल गेले. ही उदाहरणं तिने एजन्सीला पाठवली होती. त्यावर ‘नोटेड’सुद्धा आलं नाही.

मग सोर्स कोड मागितला. करारातल्या ‘डिलिव्हरेबल्स’ म्हणजे तयार एपीके फाइल, कोड नव्हे, असं उत्तर मिळालं. इथे वाचकांनी नीट लक्ष द्यावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. बाहेरच्या माणसाकडून तो करून घेतला, तर तसा करार नसल्यास पहिला हक्क करणाऱ्याचा. पूर्ण पैसे चुकते केले तरी हक्क आपोआप येत नाही. कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवं. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं धरलं जातं. तेव्हा हे तिन्ही लिहून घ्या. कोडची रेपॉझिटरी आणि प्ले कन्सोलचं खातं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर ठेवा. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, हे तर सगळेच सांगतात.

आता बारीकसारीक. तारीख यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेने ठरवू देऊ नका. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद आदल्या दिवसात जाते, आणि झोप न लागणारी माणसं लिहितात नेमकी तेव्हाच. आठवणीच्या नोटिफिकेशनचा मजकूर लॉक स्क्रीनवर दिसू देऊ नका. घरातल्या चार डोळ्यांनी तो वाचायचा नसतो. ‘सलग इतके दिवस’ हा बिल्ला एजन्सीने न विचारता घातला होता. माणूस खचला की नोंद राहून जाते आणि त्याच दिवशी बिल्ला शून्यावर येतो. असला दीडशहाणा उत्साह काढून टाकायला सांगा. महिन्याची सरासरीही फसवी असते. अर्धे दिवस छान आणि अर्धे भयंकर गेले, तरी आलेख ‘ठीकठाक’ दाखवतो. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मात्र मेनूच्या तळाशी दडवू नका, पहिल्याच पानावर द्या.

अ‍ॅप आता दुसरीकडे नव्याने लिहिलं जातंय. त्यात इंटरनेटची परवानगीच मागितलेली नाही, त्यामुळे अ‍ॅपला स्वतःहून काही पाठवताच येत नाही. अँड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअप वेगळा बंद करावा लागतो, तोही बंद केला. जुन्या एजन्सीच्या वेबसाइटवर ‘आमची कामे’ या सदरात त्या अ‍ॅपची चित्रं अजून झळकताहेत. वाचकांनी एवढं करावं: अशी कोणतीही डायरी उतरवून घेण्याआधी प्ले स्टोअरच्या पानावर अ‍ॅपच्या माहितीत जाऊन परवानग्यांची यादी उघडावी. तिथे ‘फुल नेटवर्क अ‍ॅक्सेस’ दिसलं, तर मनातलं लिहिण्याआधी ते कशासाठी हवंय, हे अ‍ॅपवाल्याला लेखी विचारावं.