टेलिफोन एक्सचेंजची निवड : क्षमता आणि परिस्थिती

एक्सचेंजची तुलना करताना किती जोडण्या देता येतात, एवढेच पाहून भागत नाही. १९८२ मध्ये भारताने फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेल कंपनीशी ई-१० बी या डिजिटल यंत्रणेसाठी करार केला. हजारो ग्राहकांच्या शहरांना ती सोयीची होती. परंतु तिला वातानुकूलित खोली लागे. साताऱ्यातील माण-खटाव किंवा सांगलीतील जत-आटपाडीच्या खेड्यांत, धूळ, उन्हाळा आणि वारंवार खंडित होणारी वीज यांपुढे तिचा निभाव कसा लागणार? १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. तिचे १२८ पोर्टचे ग्रामीण एक्सचेंज १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. त्यास वातानुकूलन लागत नव्हते. केवळ आकडे मांडले असते तर ते नगण्यच ठरले असते!

आता ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर पोहोचू लागले आहे आणि त्यावर देखरेख दूरच्या केंद्रातून होते. वीज गेल्यास पंचायतीतील यंत्र बंद पडण्यापूर्वी एक अखेरचा संकेत पाठविते; फायबर तुटल्यास तो येत नाही. त्यावरून तंत्रज्ञास खांबाकडे पाठवावयाचे की वीज येण्याची वाट पाहावयाची, हे ठरते. मात्र एका कंपनीच्या यंत्राचा संकेत दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीस वाचता येईलच असे नाही. निविदेची ही अट फार शेवटी आठवते.